गाय आमची, मग वासरू कुणाचे?

गेल्या महिन्यात कोर्टाचे काम आटोपून कार्यालयात येऊन बसलो होतो. पिंपरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेला एक तरुण आला. "जयभीम साहेब, एक विचारायचं होतं," म्हणाला आणि मोबाईल पुढे केला. त्यात २०१८ च्या जानेवारीतला एक ई-मेल होता, जपून ठेवलेला. २०१७ च्या मे महिन्यात वडिलांच्या ग्रॅच्युइटीतली काही रक्कम घालून त्याने एका एक्स्चेंजवर ०.२ बिटकॉइन घेतले होते. ऑगस्टमध्ये बिटकॉइनची साखळी दुभंगली. ज्यांच्याकडे जेवढे बिटकॉइन होते त्यांना तेवढेच 'बिटकॉइन कॅश' नावाचे दुसरे नाणे मिळाले. याला मिळाले नाही. त्याने विचारणा केली तेव्हा दोन ओळींचे उत्तर आले, की आमची कंपनी हे नाणे हाताळत नाही. त्या डिसेंबरातल्या चढत्या भावाने हिशेब केला तर रक्कम तीस-चाळीस हजारांच्या घरात जात होती.

"केस होईल का?" हा त्याचा प्रश्न. मी मुदत मोजली. ठेवीदाखल दिलेली वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याला, मागणी केल्यानंतर नकार मिळाला त्या तारखेपासून तीन वर्षे मिळतात. कोविडकाळातले सर्वोच्च न्यायालयाने वगळलेले दिवस जमेस धरले तरी ही मुदत २०२२ च्या अखेरीस संपलेली. तसे त्याला सांगितले. तो उठला नाही. म्हणाला, "केस राहू द्या साहेब. पण ते नाणं माझं होतं की त्यांचं, एवढं तरी सांगा."

त्या प्रश्नासाठी हा लेख आहे. आपल्या वस्त्यांतली नोकरीला लागलेली मुले या व्यवहारात उतरली आहेत. ती उतरावीत की नाही हा वेगळा विषय, आणि माझे मत विचाराल तर बापाच्या निवृत्तीचा पैसा अशा ठिकाणी घालू नये. परंतु घातलेला पैसा कुणाच्या मालकीचा, हा नफ्या-तोट्याचा नव्हे तर हक्काचा प्रश्न आहे.

आधी साखळी दुभंगते म्हणजे काय होते ते समजून घेऊ. ब्लॉकचेन ही मुळात एक हिशेबाची वही. फरक इतकाच की तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर असतात आणि सर्वांनी एकच नियम पाळून पुढचे पान लिहायचे असते. समजा, नियमावरूनच भांडण झाले. एक गट म्हणतो पान मोठे करा, दुसरा म्हणतो आहे तेच ठेवा. कुणीच माघार घेत नाही. मग ज्या पानावर भांडण झाले तिथून पुढे दोन वह्या सुरू होतात, रस्त्याला फाटा फुटावा तशा. इंग्रजीत याला फोर्क म्हणतात. आपल्याला फाटा हा शब्द पुरे. फाट्याच्या आधीची सगळी पाने दोन्ही वह्यांत अगदी सारखी असतात. त्यामुळे जुन्या वहीत ज्याच्या नावावर दहा नाणी, त्याच्या नावावर नव्या वहीतही दहा. कुणी वाटत नाही, कुणी दान देत नाही. वहीचा तो स्वभावच आहे.

ही नाणी हलवता येतात ती फक्त गुप्त किल्लीने. किल्ली स्वतःजवळ असेल तर दोन्ही वह्यांतली नाणी तुमची, कुणाला विचारायचे कारण नाही. परंतु एक्स्चेंजवर ठेवलेल्या नाण्यांची किल्ली एक्स्चेंजजवळ असते. वहीत नाव एक्स्चेंजच्या पत्त्याचे, आणि तुमचे नाव फक्त एक्स्चेंजच्या खासगी रजिस्टरात. फाटा फुटला की नवे नाणे आपोआप एक्स्चेंजच्या हाती पडते. त्याने ते तुमच्या खात्यात टाकले तर तुम्हाला दिसते. नाही टाकले तर ते कंपनीच्या कुलपात पडून राहते आणि तुम्हाला ई-मेल येतो.

हा झगडा पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो इथेरियमच्या वेळी. २०१६ च्या जून महिन्यात 'द डाओ' नावाच्या सामुदायिक निधीतून सुमारे ३६ लाख ईथर एका चोरट्याने वळवले. ते परत आणण्यासाठी बहुसंख्यांनी २० जुलै २०१६ रोजी नियम बदलून वही वेगळी केली. जुनी वही आता मरेल असे सर्वांनी गृहीत धरले होते. ती मेली नाही. काही लोक तिच्यावरच लिहीत राहिले, आणि चारच दिवसांत पोलोनिएक्स या एक्स्चेंजने जुन्या वहीतले नाणे 'इथेरियम क्लासिक' या नावाने बाजारात आणले. मग एक गंमत उघडकीला आली, गंमत कसली, घोळच म्हणायचा. एका वहीसाठी केलेली सही दुसऱ्या वहीतही चालत होती. कुणी एक्स्चेंजमधून आपले ईथर काढले की त्याच सहीवर एक्स्चेंजच्या तिजोरीतले क्लासिकही त्याच्यामागे बाहेर पडे. ज्यांना हे कळले त्यांनी ईथर आत टाकायचे, बाहेर काढायचे, पुन्हा टाकायचे असा सपाटा लावला, आणि तयारी न केलेल्या एक्स्चेंजच्या तिजोरीतले क्लासिक रिते होऊ लागले. ते क्लासिक वास्तविक कुणाचे होते? जे ग्राहक काहीही न करता विश्वासाने बसून राहिले, त्यांचे.

पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनला फाटा फुटला. यावेळी तारीख आधीपासून माहीत होती, सहीचा घोळ होऊ नये अशी तजवीजही नव्या साखळीत केलेली होती. तरीही प्रत्येक एक्स्चेंजने आपापला कायदा केला. क्रॅकेनने ग्राहकांच्या खात्यात नवे नाणे जमा केले. कॉइनबेस या अमेरिकेतल्या मोठ्या एक्स्चेंजने आधी जाहीर केले की आम्ही हे नाणे देणार नाही, ज्यांना हवे त्यांनी आपले बिटकॉइन काढून न्यावेत. ग्राहकांनी कोर्टाची भाषा सुरू केली तेव्हा दोन-तीन दिवसांत पवित्रा बदलून १ जानेवारी २०१८ पर्यंत देऊ असे सांगितले. प्रत्यक्षात १९ डिसेंबर २०१७ रोजी अचानक खरेदी-विक्री खुली झाली, भाव भडकला आणि काही मिनिटांतच व्यवहार थांबवावे लागले. घोषणेच्या आधीच भाव चढू लागला होता, म्हणून आतल्या लोकांनी हात धुऊन घेतले असा आरोप झाला आणि खटलाही दाखल झाला. कंपनीने चौकशी केली व गैरप्रकार आढळला नाही असे नंतर जाहीर केले. आरोप खरा असो वा खोटा, हा संशय निर्माण होण्याचे कारणच उरले नसते, जर तारीख व वेळ सर्वांना एकदमच आणि पुरेशी आधी कळवली असती.

बिटफिनेक्सचा प्रकार मला सर्वांत बोलका वाटतो. तिथे एका बिटकॉइनमागे पूर्ण एक नव्हे, तर जवळपास ०.८५ बिटकॉइन कॅश मिळाले. कारण तिथे उसनवारीचे व्यवहार चालत. कुणी नाणी उसनी घेऊन विकलेली, ती विकत घेणाऱ्याच्या खात्यातही दिसत होती आणि ज्याची उसनी घेतली त्याचे येणेही उभे होते. कागदावरचे हक्कदार जास्त आणि कपाटातली नाणी कमी. कंपनीने हिशेबाचे सूत्र आधी जाहीर केले होते, तेवढा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. पण यातून एक गोष्ट उघड होते, जी एरवी कधीच दिसत नाही. गोठ्यात शंभर गाई आहेत असे मालक सांगतो. खरोखर शंभर आहेत का, हे वासरे मोजली की कळते. साखळीला फाटा फुटतो तो दिवस एक्स्चेंजच्या तपासणीचा दिवस असतो. म्हणूनच त्या दिवशी 'आम्ही हे नाणे हाताळत नाही' असे सांगणाऱ्याकडे मी जरा जास्तच रोखून पाहतो.

गाय-वासराचा दृष्टांत माझा नव्हे. तो आपल्या कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे. भारतीय करार कायदा, १८७२. कलम १६३ सांगते की, विरुद्ध करार नसेल तर, सांभाळायला दिलेल्या वस्तूत जी वाढ होईल किंवा तिच्यापासून जो लाभ होईल, तो वस्तूबरोबर मूळ मालकाला परत केला पाहिजे. खाली उदाहरण दिले आहे. अ ने ब कडे गाय सांभाळायला ठेवली. गाय व्याली. ब ने गाय तर द्यावीच, वासरूही द्यावे. दीडशे वर्षांपूर्वी हे कलम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही ब्लॉकचेन नसेल, परंतु कलम जुनाट झालेले नाही. १९९२ च्या रोखे घोटाळ्यातून उद्भवलेल्या एका वादात, तारण ठेवलेल्या शेअर्सवर मिळालेले बोनस शेअर आणि लाभांश यांच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००० साली याच कलमाचा आधार घेतला. बोनस शेअर मूळ शेअरच्या मागे जातात. मग फाट्यातले नाणे मूळ नाण्याच्या मागे का जाऊ नये?

दोन अडचणी आहेत आणि वकील म्हणून त्या लपवणे बरे नाही. पहिली अशी की, हे कलम 'माल' सांभाळायला देण्याबद्दल आहे आणि डिजिटल नाणे हा त्या अर्थाने माल आहे का, यावर समोरचा वकील दिवसभर बोलू शकेल. त्याला उत्तर आहे. न्यूझीलंडमध्ये क्रिप्टोपिया नावाचे एक्स्चेंज २०१९ साली चोरी होऊन बुडाले. तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये निकाल दिला की ही नाणी मालमत्ता आहेत आणि एक्स्चेंज ती खातेदारांसाठी विश्वस्त म्हणून धारण करत होते. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हेच म्हटले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर मोठी चोरी झाली, तिचा तोटा सर्व ग्राहकांनी वाटून घ्यावा असा प्रस्ताव आला. एका महिला ग्राहकाची नाणी चोरीला गेलेल्या नाण्यांपैकी नव्हतीच, ती वेगळ्या जातीची होती. तिला अंतरिम संरक्षण देताना न्यायालयाने स्पष्ट केले की क्रिप्टो नाणे ही मालमत्ता आहे, तिचा ताबा व उपभोग घेता येतो आणि ती विश्वस्त म्हणूनही धारण करता येते. एकदा विश्वस्त म्हटले की कलम १६३ ची गरजही फारशी उरत नाही. भारतीय न्यास कायद्याचे कलम ८८ आहेच. दुसऱ्याचे हित जपायला जो बांधलेला आहे, त्याने त्या स्थानाचा वापर करून काही आर्थिक लाभ मिळवला तर तो लाभ ज्याचे हित जपायचे त्याच्याचसाठी धरून ठेवावा लागतो.

दुसरी अडचण अधिक अवघड. 'विरुद्ध करार नसेल तर' हे चार शब्द. एक्स्चेंजचे वकील नेमके तिथे बसतात. कॅलिफोर्नियातल्या एका ग्राहकाचे कॉइनबेसवर ३५० बिटकॉइन होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये 'बिटकॉइन गोल्ड' नावाचा आणखी एक फाटा निघाला. कंपनीने ते नाणे दिले नाही. तो कोर्टात गेला. तिथल्या अपील न्यायालयाने २०२० साली त्याच्या विरुद्ध निकाल दिला. ग्राहक-करारात नवे नाणे देण्याचे वचनच नाही, मग करारभंग कसला, असे तर्कशास्त्र. आपल्या कलमाची मांडणी नेमकी उलटी आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. तिथे वचन नव्हते म्हणून ग्राहक हरला. आपल्याकडे विरुद्ध वचन नसेल तर ग्राहक जिंकायला हवा. म्हणूनच इथले एक्स्चेंज ते विरुद्ध वचन तुमच्याकडून आधीच घेऊन ठेवू शकते. खाते उघडताना चाळीस पाने इंग्रजी, खाली एक चौकोन, त्यावर बोट. बोट लावणाऱ्याने काय वाचले? सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवणारी आपली मागची पिढी निरक्षर होती. आजची पदवीधर आहे, आणि अंगठा मात्र उठतोच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने 'अनुचित करार' ही कल्पना आणली आणि असे करार रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना दिला. गाईबरोबर वासरावरही कायमचे पाणी सोडायला लावणारे कलम त्या कसोटीवर तपासून घेण्याची वेळ आली आहे.

आता एक्स्चेंजची बाजू. ती अगदीच पोकळ नाही. २०१७ नंतर फाट्यांचे पेव फुटले. त्यातले कित्येक निव्वळ नाव कमावण्यासाठी, काही तर लोकांच्या किल्ल्या पळवण्यासाठी काढलेले. प्रत्येकासाठी नवी यंत्रणा उभी करा म्हणणे हा अडाणीपणा होईल. शिवाय छोट्या साखळीवर हल्ला करणे सोपे असते. याच बिटकॉइन गोल्डवर मे २०१८ मध्ये हल्ला झाला, तीच नाणी दोनदा खर्चून एक्स्चेंजना सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरचा गंडा घातला गेला. तेव्हा अशा नाण्याचा बाजार भरवायला एखाद्या एक्स्चेंजने नकार दिला तर तो शहाणपणाच.

परंतु बाजार भरवणे वेगळे आणि मालकाला त्याचे नाणे देणे वेगळे. या दोन गोष्टींची सरमिसळ मुद्दाम केली जाते. 'आम्ही हे नाणे हाताळत नाही' या वाक्यात दोन्ही नकार एकत्र बांधलेले असतात. वासरू पोसायला जमत नसेल तर नका पोसू. त्याच्या गळ्यातले दावे मालकाच्या हातात द्या. एक्स्चेंजने फाट्याच्या पानावर कुणाच्या खात्यात किती होते याची नोंद करावी, ती जपावी, आणि खरेदी-विक्री सुरू करो वा न करो, ग्राहकाला ते नाणे त्याच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून नेण्याचा मार्ग द्यावा. खर्च येत असेल तर वाजवी खर्च कापून घ्यावा, माझी हरकत नाही. खरोखरच धोक्याचे असेल तर थांबावे, पण का थांबलो ते लिहून सांगावे आणि नोंद पुसू नये. मधल्या काळात ते नाणे कंपनीने स्वतःसाठी विकायचे नाही, ही लक्ष्मणरेषा. आणि तारीख आधी कळत असेल तर ग्राहकाला त्याच्या भाषेत इतक्या आधी कळवावे की ज्याला आपले मूळ नाणे काढून घ्यायचे त्याला ते गर्दीत चेंगरल्याशिवाय काढता यावे. फाट्याच्या आदल्या रात्री पैसे काढणे बंद करून सकाळी 'आम्ही नवे नाणे देणार नाही' असे सांगणे याला माझ्या मते फसवणूक याशिवाय दुसरा शब्द नाही.

हे काही आकाशातले चांदणे मागणे नव्हे. युरोपीय संघाने २०२३ साली क्रिप्टो मालमत्तांविषयी कायदा केला. एक्स्चेंज आणि सांभाळकर्त्यांना तो ३० डिसेंबर २०२४ पासून लागू झाला आहे. त्याच्या कलम ७५ मध्ये ही तरतूद आहे. साखळीत बदल होऊन नवे नाणे किंवा नवा हक्क निर्माण झाला तर, त्या क्षणी ज्याचे जेवढे होते त्या प्रमाणात तो ग्राहकाचा. अपवाद एकच, आधी झालेल्या वैध करारात स्पष्टपणे वेगळे लिहिले असेल तर. म्हणजे आपले १८७२ चे गाय-वासरूच, युरोपने नव्याने लिहिलेले. जपानातले माउंट गॉक्स तर फेब्रुवारी २०१४ मध्येच बुडालेले होते. बिटकॉइनला फाटा फुटला तेव्हा त्याला तीन वर्षे उलटून गेली होती. तरी न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताने नवे नाणे मालमत्तेत धरले, आणि जुलै २०२४ पासून ग्राहकांना देणी फेडणे सुरू झाले तेव्हा बिटकॉइनबरोबर बिटकॉइन कॅशही दिले. बुडालेल्या, रिकाम्या गोठ्यातले वासरू मालकाच्या दारात आले. चालत्या, नफा कमावणाऱ्या कंपन्यांना हे जमत नाही, असे कुणी म्हणू नये.

आपल्या सरकारला या नाण्यांची दखल घ्यायची नाही असेही नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांचे दरवाजे बंद केले, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का कपात आली. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणली गेली, ग्राहकाचे पॅन आणि आधार तपासू लागली. सरकारला आपला वाटा कळतो, ग्राहकाची ओळखही कळते. ग्राहकाचे काय, हे ठरवणारे कलम मात्र या सगळ्यात नाही. करार कायद्याच्या जुन्या ओळीवर आणि एखाद्या उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर भिस्त ठेवून पिंपरीच्या पोराने कंपनीशी भांडायचे, तेही करारात लिहिलेल्या लवादापुढे, त्याच्या खर्चाने.

त्या तरुणाला मी उत्तर दिले. नाणे तुझे होते. मागायची मुदत गेली, कोर्टाचा दरवाजा बंद झाला. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ते ०.२ बिटकॉइन अजून तिथेच आहे. मी कपाळाला हात लावला.

त्याच संध्याकाळी आम्ही पत्र तयार केले. मराठीत एक, इंग्रजीत एक. प्रश्न तीनच विचारले. माझ्या खात्यात दाखवलेले नाणे आपल्याकडे प्रत्यक्ष आहे काय? पुढे फाटा फुटल्यास नवे नाणे मला मिळेल की नाही, आणि कराराच्या कोणत्या कलमाप्रमाणे? २०१७ च्या फाट्यातून माझ्या नाण्यामागे आपल्या हाती आलेल्या बिटकॉइन कॅशचे आपण काय केले? तिसरा प्रश्न त्याने हट्टाने घालायला लावला. पत्र स्पीड पोस्टाने गेले आहे आणि पोहोचल्याची नोंद मिळाली आहे. हा मजकूर छापायला देईपर्यंत उत्तर आलेले नाही.